माल घेणारी कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली तर?



द्राक्ष किंवा टोमॅटो घेणाऱ्या कंपनीची ‘लिक्विडेशन’ची नोटीस पेपरात आली की ऑफिसला फोन सुरू होतात, “साहेब, पैसे बुडाले का?” म्हणून हा मेसेज. थोडा मोठा आहे, पण वाचा.

लिक्विडेटर म्हणजे अवसायक. कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणं हे त्याचं काम. कंपनी वाचवायची असेल तर 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात रिझोल्युशन प्रोफेशनल नेमतात. संचालक मंडळ बाजूला होतं आणि हा माणूस कारभार बघत नवा मालक शोधतो. आपल्याकडची प्रकरणं एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाकडे जातात.

मग विकायला बसलेलाच माणूस कंपनी वाचवायला बसू शकतो का? ऑस्ट्रेलियात बसू शकतो, पण त्याला कोर्टाची परवानगी किंवा घेणेकऱ्यांचा ठराव लागतो. कारण उघड आहे. स्वतःच्याच कामाची तपासणी स्वतःच करायची आणि फीही घ्यायची, हे बरं नाही. आपल्याकडे उलटं घडत आलं. मूळ कायद्यात वाचवायला आलेलाच, लेखी संमती देऊन, पुढे लिक्विडेटर होतो. न्यायाधिकरण त्याला बदलूही शकतं.

लिक्विडेशनमधून परतीची वाट आहे, ती कंपनी कायद्याच्या कलम 230 ची तडजोड योजना. न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. ज्यांना दिवाळखोरी कायदा बोली लावू देत नाही अशा जुन्या मालकांना या दारानेही आत येता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने मार्च 2021 मध्ये सांगितलं. आमच्या मते ते योग्यच झालं.

पण या वाटेवर फार भरवसा ठेवू नका. जेट एअरवेज 2019 मध्ये एनसीएलटीत गेली, योजना मंजूर झाली, तरी नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनच सांगितलं. द्राक्षवाल्यांना नारायणगावची इंडेज व्हिंटनर्स आठवत असेल. तीही हायकोर्टातून अवसायकाकडेच गेली.

आता आपला नंबर कुठे लागतो ते बघा. मालमत्ता विकली की आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, पुढे इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार. माल उधार दिलेला शेतकरी त्याच्याही मागे. आणि शेअर घेतला असेल तर त्या शेअरचे पैसे सगळ्यात शेवटी. म्हणून उधारी वाढू देऊ नका, हे आम्ही सारखं सांगतो.

1 कोटीच्या आत थकबाकी असेल तर तुम्हाला स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करता येत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या अर्जावर प्रक्रिया सुरू झाली, तर तुमचे 20 हजार असले तरी दावा करता येतो. जाहीर सूचनेत शेवटची तारीख असते, साधारण 14 दिवसांची. माल दिलेल्यांसाठी फॉर्म बी. पोस्टाने किंवा ईमेलने चालतो. पुढे लिक्विडेशनचा आदेश झाला तर त्याची नवी सूचना निघते, तीही बघा.

काटा पावती, बिल, बँक स्टेटमेंट आणि व्यापाऱ्याचे व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा. मोबाईल बदलताना चॅट उडवू नका.

(निसाका, नासाका हे सहकारी कारखाने, त्यांना सहकार कायदा लागतो. त्यावर वेगळा मेसेज देऊ.)

नोटीस आली तर फोटो ग्रुपवर टाकू नका, त्यावर खात्याची माहिती असते. थेट ऑफिसच्या नंबरवर पाठवा, फॉर्म भरायला मदत करू.