विद्यापीठांना जाब कोणी विचारायचा?

विद्यापीठांच्या कारभाराविषयी आपल्याकडे वाद उपस्थित झाला, की तो हटकून एकाच प्रश्नापाशी येऊन थबकतो : कुलगुरू कोणी नेमावा, राज्यपालांनी की मंत्र्यांनी? केरळ, तामिळनाडू व पश्चिम बंगाल या राज्यांत याच एका प्रश्नावरून राजभवन आणि सरकार यांच्यात गेली काही वर्षे जुंपली. विधेयके संमतीवाचून पडून राहिली, न्यायालयाचे उंबरठे झिजले, आणि बंगालमधील कुलगुरूंच्या निवडीसाठी तर २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून द्यावी लागली. महाराष्ट्रही या वादापासून अलिप्त राहिलेला नाही. या साऱ्या कोलाहलात ज्या विधिमंडळाच्या कायद्यावर ही विद्यापीठे चालतात, त्याचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

विद्यापीठांचे आणि विधिमंडळाचे नाते नैमित्तिक नाही. मुंबईचे विद्यापीठ १८५७ च्या कायद्याने निघाले, पुण्याचे १९४८ च्या कायद्याने. आणि आज राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचा सारा व्यवहार ज्या कायद्याखाली चालतो, तो २०१६ चा कायदाही विधिमंडळानेच केला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला हे खरे. तथापि विद्यापीठांची स्थापना व नियमन आजही राज्यसूचीत आहे. तेव्हा विधिमंडळाने विद्यापीठांच्या वाटेला जाऊच नये, असे जे कित्येक प्राध्यापकमित्र स्वायत्ततेचा हवाला देऊन सांगतात, ते आम्हांला मान्य नाही. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या आणि लक्षावधी मुलांचे भवितव्य हाती असलेल्या संस्थेला लोकप्रतिनिधींनी प्रश्न विचारणे हा तिचा अपमान नव्हे. प्रश्न विचारणे निराळे आणि कारभार हाती घेणे निराळे, एवढे मात्र दोन्ही पक्षांनी नीट समजून घ्यावयास हवे.

वस्तुतः प्रश्न विचारण्याची साधने कायद्याने विधिमंडळाच्या हाती दिलेली आहेत. प्रत्येक विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आणि तपासलेले हिशेब दोन्ही सभागृहांपुढे ठेवावेत, अशी तरतूद आहे. अधिसभेवर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या सिनेटवर, विधानसभेचे दोन आणि विधानपरिषदेचा एक असे सदस्य नामनिर्देशनाने जातात. शिवाय अठ्ठ्याहत्तर सदस्यांच्या विधानपरिषदेत शिक्षकांनी निवडून दिलेले सात आणि पदवीधरांनी निवडून दिलेले सात असे चौदा सदस्य बसतात. विद्यापीठांविषयी बोलण्याचा त्यांच्याहून अधिक अधिकार कोणाला? आणि तरीही त्या वार्षिक अहवालांचे होते काय? ते सभागृहाच्या मेजावर ठेवले जातात, आणि बहुधा मेजावरच राहतात. अमुक विद्यापीठात इतक्या अध्यापकांच्या जागा रिकाम्या का, परीक्षेवरचा खर्च वाढूनही निकाल उशिरा का, यावर अहवाल हाती धरून सभागृहात सविस्तर खल झाल्याचे वाचकांना आठवते काय? आम्हांला तरी सहजासहजी आठवत नाही.

याच विधिमंडळाने एकदा किती चांगले काम केले होते, हे सांगितले पाहिजे. २०१६ सालचे विद्यापीठ विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तेथे त्याची छाननी झाली, दुरुस्त्या झाल्या आणि मगच ते संमत होऊन १ मार्च २०१७ पासून अंमलात आले. त्या कायद्यातील सर्वच कलमे आम्हांला पटतात असे नाही. पण रीत योग्य होती. अवघ्या पाच वर्षांनी त्याच कायद्याला मोठी दुरुस्ती सुचविणारे विधेयक आले. खात्याच्या मंत्र्यांना प्र-कुलपतीचे पद द्यावे, आणि शोधसमितीने निवडलेल्या नावांतून सरकारने दोन नावे राज्यपालांकडे पाठवून त्यांतील एकाची नेमणूक त्यांनी करावी, असा त्याचा आशय होता. विरोधकांनी संयुक्त समितीची मागणी केली. ती बाजूला सारून हिवाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, २८ डिसेंबर २०२१ रोजी, गदारोळात विधानसभेने ते संमत केले. पुढे सत्तांतर झाले आणि २०२२ मध्ये ते मागे घेण्यात आले. ज्या घाईने विधेयक आले त्याच सहजतेने ते गेले. त्यातील प्रश्न मात्र भिजत घोंगड्यासारखा तसाच पडून राहिला.

कुलपतिपद राज्यपालांकडेच का, हा प्रश्न गैर नाही. १८५७ साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले. परकी अमदानीतील ती सोय आपण स्वराज्यात तशीच पुढे चालविली. राज्यपालांवर असली कामे लादू नयेत, असे पुंछी आयोगानेही २०१० मध्ये सुचविले होते. परंतु राज्यपालांच्या हातून अधिकार काढून मंत्र्यांच्या हाती दिल्याने विद्यापीठ लोकांना जबाबदार होते, हा तर्क आम्हांला फसवा वाटतो. कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूक २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती याचसाठी, की कुलपतींनी स्वतःच्या विचाराने नव्हे, तर सरकारच्या दडपणाखाली ती केली होती. मंत्री म्हणजे विधिमंडळ नव्हे. मंत्र्यांच्या मर्जीलाच लोकमताचे नाव मिळाले, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होईल.

याचा खरा फटका कोणाला बसतो, ते मुंबईने २०१७ मध्ये पाहिले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धत एकाच हंगामात सरसकट लागू करण्यात आली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांचा ढीग साचला. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली, आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. पुढील प्रवेशासाठी, नोकरीसाठी, परदेशी जाण्यासाठी निकालपत्राची वाट पाहत बसलेल्या मुलांचे ते महिने कोणी परत करणार नव्हते. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. सभागृहात संताप व्यक्त झाला, तोही योग्यच. पण हा निर्णय कोणत्या चाचणीनंतर घेतला, विद्यापीठाच्या कोणत्या मंडळाने त्याला मान्यता दिली, शासनाच्या खात्याला हे आधी कळले होते काय, हे प्रश्न परीक्षेपूर्वी विचारले गेले असते, तर नंतरच्या संतापाची गरजच पडली नसती. परीक्षा आटोपल्यावरचा जाब म्हणजे वरातीमागून घोडे.

अधिसभेच्या निवडणुकीची कथा याहून उद्बोधक आहे. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर मतदारसंघातील दहा जागांची मुदत २०२२ मध्ये संपली. निवडणूक २०२३ च्या सप्टेंबरात ठरली, ती ऑगस्टात स्थगित झाली. पुढच्या वर्षी पुन्हा ठरली, तेव्हा मतदान अगदी तोंडावर आले असताना शासनाच्या पत्राने ती पुन्हा थांबविली. शेवटी उच्च न्यायालयाने मध्ये पडल्यावर २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले. निकाल कोणाच्या बाजूने लागला, हा येथे आमच्या विवेचनाचा विषय नाही. दोन वर्षे पदवीधरांचा आवाज अधिसभेत नव्हता, आणि ही गोष्ट शासनाच्या एका पत्राने होऊ शकली, हे आम्हांला गंभीर वाटते. १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने विद्यापीठांचा कायदा केला, तेव्हा सिनेटच्या सभासदांची कमाल संख्या शंभर असताना जुन्या विद्यापीठांत निवडून येणाऱ्यांना अवघ्या वीस जागा ठेवल्या होत्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात त्या विधेयकाला कसून विरोध केला तो याच कारणासाठी, की सरकारनियुक्तांच्या बहुमताने विद्यापीठ हे सरकारचेच एक खाते होऊन बसेल. परक्या सरकारने निदान कायदा करून जागा कमी केल्या होत्या. येथे कायद्याने दिलेल्या जागा पत्राने रिकाम्या ठेवता आल्या.

तेव्हा आमचे विधिमंडळाकडे मागणे मोठे नाही. प्रत्येक अधिवेशनात अर्धा दिवस विद्यापीठांच्या वार्षिक अहवालांसाठी राखून ठेवावा. मंत्रालयातून विद्यापीठाला जाणारे प्रत्येक निदेशपत्र, आणि कुलपतींच्या कार्यालयातून जाणारा प्रत्येक आदेश, ठराविक मुदतीत सभागृहापुढे ठेवण्याची सक्ती कायद्यात करावी. जे पत्र सभागृहात वाचून दाखविता येत नाही, ते लिहिण्यापूर्वी लिहिणारा दोनदा विचार करील. रिक्त जागांचा तपशील, विद्यापीठ आणि विषय यांसह, दरवर्षी सदस्यांच्या हाती पडावा. विद्यापीठ कायद्यातील कोणतीही मोठी दुरुस्ती संयुक्त समितीवाचून संमत होऊ नये. अभ्यासक्रम, नेमणुका, प्रश्नपत्रिका यांना मात्र सदस्यांनी हात लावू नये. ते काम विद्वत्सभेचे आणि अध्यापकांचे.

आमदारही पक्षाचेच असतात, त्यांच्या प्रश्नांत राजकारण येणारच, अशी शंका घेतली जाईल, आणि ती निराधार नाही. सभागृहातील राजकारण उघड्यावर चालते, त्याची नोंद राहते, दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येते. राजभवन व मंत्रालय यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या लिफाफ्यांतले राजकारण मात्र छापून येत नाही. अधिसभेवर पाठविलेले ते तीन सदस्य तिच्या किती बैठकांना हजर राहिले, एवढी एकच माहिती अध्यक्षांनी आणि सभापतींनी येत्या अधिवेशनात पटलावर ठेवली, तरी सुरुवातीला पुरे.