महिनाभर न हटणारा ताप आणि गोठ्याचा प्रश्न

ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री दरदरून घाम सुटतो, सांधे ठणकतात. मलेरियाची तपासणी होते, टायफॉइडच्या गोळ्या होतात. तरी तरुण पोरगा महिनाभर अंथरूण सोडत नाही. अशा वेळी एक प्रश्न हमखास राहून जातो : घरी शेळ्या, गाई-म्हशी आहेत का?

हा आजार ब्रुसेलोसिस असू शकतो. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर त्याचा जंतू शोधला. तो शेळीच्या निरशा दुधातून माणसात येतो, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी दाखवले. गाभडलेल्या किंवा व्यालेल्या जनावराची वार उघड्या हातांनी उचलली, तरीही लागण होते.

ताप सर्वांना दिसतो. पण हा जंतू कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही. तरुणांमध्ये कंबर आणि कुल्ला जुळतो तो सांधा सुजतो, चालणे अवघड होते. कोणाचा अंडकोष सुजतो. पोरगा लाजेने घरात सांगतच नाही. क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज येते, ऐकू येणे कमी होते. हृदयाच्या झडपांना लागण झाली, तर जिवावर बेतते. ती फार थोड्यांना होते, पण या आजारातले बहुतेक मृत्यू तिच्यामुळेच होतात.

मणक्यात गेलेला ब्रुसेला अनेकदा क्षयरोग समजला जातो. रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही औषधे दोन्ही आजारांत चालतात. त्यामुळे रुग्णाला काही काळ बरे वाटते आणि खरे निदान लांबते.

उपचार आहे. मोठ्या माणसांना साधारणपणे सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला दुसरे प्रतिजैविक देतात. मणका, मेंदू किंवा हृदयात आजार गेला असेल तर मुदत आणखी वाढते. आठ वर्षांखालील मुलांना सहसा वेगळी औषधे देतात. ताप गेला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या की आजार उलटतो.

शेळी ही भूमिहीनांची गाय. आपल्या वस्त्यांत तिचे बाळंतपण घरातल्या बाया आणि पोरेच करतात. सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना देतात. शेळ्या त्यात नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे फक्त शेळी, त्याचे घर उघडेच राहिले.

म्हणून कार्यकर्त्यांना आम्ही एवढेच सांगतो. वस्तीत कोणाचा ताप दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर सोबत दवाखान्यात जा. घरच्या जनावरांची माहिती डॉक्टरांना आपणहून द्या आणि ब्रुसेलाची रक्ततपासणी करायची का, हे विचारा. दूध उकळूनच प्या. वार उचलताना हातमोजे घाला आणि ती खोल पुरा. शेळ्यांच्या लसीचा प्रश्न ग्रामसभेत मांडा. रोग जनावरात रोखला, तरच तो घरात येणार नाही.