कुंडीतल्या वडाने मान टाकली तर



हल्ली बऱ्याच घरांत सोप्यावर बोन्साय वड दिसतो. पानं लोंबली की जो तो येता-जाता तांब्याभर पाणी ओततो. आमचा वड आम्ही असाच घालवला! पाणी तुंबलेल्या रानात ऊस का पिवळा पडतो, हे आपणांस ठाऊकच आहे. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, मग पाणी असून वर चढत नाही. उथळ कुंडीतही तेच होते. त्यामुळे तहानलेला वड आणि बुडालेला वड वरून सारखेच दिसतात.

म्हणून आधी मातीत पेरभर बोट घालून बघावे. कोरडी लागली तर कुंडी घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. माती ओलीच असेल, आंबूस वास येत असेल, तर पाणी बंद करून तळाची भोके बघावीत. झाड अलगद काढून काळी, लिबलिबीत मुळे कात्रीने छाटावीत. पुन्हा लावताना आपली काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले शेणखत बरे. कुंडी खिडकीच्या उजेडात ठेवावी. जागा बदलल्यावरही वड थोडी पानं गाळतो, तेवढ्याने लगेच तांब्या उचलू नये.