४० तास आणि ३ दिवस

अमेरिकेत विषारी कचऱ्याच्या जागेवर नियमित काम करायचं असेल, तर कामगाराला आधी ४० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मग अनुभवी सुपरवायझरच्या नजरेखाली ३ दिवस जागेवर काम करावं लागतं. दरवर्षी ८ तासांची उजळणी वेगळीच. त्या ४० तासांतला बराच भाग आता ऑनलाइन होतो. ते ३ दिवस मात्र ऑनलाइन होत नाहीत. तिथल्या 'ओशा' या सरकारी यंत्रणेचं म्हणणं स्पष्ट आहे : नुसतं कॉम्प्युटरवरचं प्रशिक्षण पुरेसं नाही, साधनं हाताळायला मिळाली पाहिजेत आणि जाणकाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

हा हिशेब आपल्याकडे आत्ता मांडायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात सेफ्टी ऑफिसर नेमण्याची सर्वसाधारण मर्यादा १,००० कामगारांची होती, ती ५०० वर आली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांसाठी २५० ठरली. बांधकामावर ५०० ची २५० झाली आणि खाणींसाठी १००. म्हणजे जिथे आजवर हे पद नव्हतं, अशा अनेक मध्यम कारखान्यांना माणूस शोधावा लागणार. तो आणायचा कुठून? पात्रतेत कारखान्यातला अनुभव लागतो, औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते आणि बहुसंख्य कामगारांची भाषाही यावी लागते. शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधला पूर्णवेळ अभ्यासक्रम एक वर्षाचा. लोटे-परशुराम किंवा तारापूरला शिफ्ट करणाऱ्या, घर चालवणाऱ्या इंजिनिअरने वर्षभर पगार सोडून मुंबईत राहायचं, ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्याच्यासाठी थिअरी घरी आणि प्रात्यक्षिक केंद्रावर, अशी मिश्र पद्धत ही खरी गरज आहे.

गरज किती मोठी, तेही पाहू. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी १,१०९ कामगार मेले. रोज तीन. यात बांधकामावरचे मृत्यू धरलेले नाहीत.

आता प्रश्न असा की स्क्रीनवर शिकून किती फरक पडतो? २००६ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये ९५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. २०,९९१ जणांची माहिती त्यात होती. संशोधकांनी प्रशिक्षणाचे तीन गट पाडले. व्याख्यान, पत्रकं, व्हिडिओ हा खालचा गट. टप्प्याटप्प्याने शिकवत चुकलं-बरोबर सांगणारे कार्यक्रम मधला. करून दाखवणं आणि हाताने करून घेणं हा वरचा. ज्ञान आणि कौशल्य मिळवून देण्यात वरचा गट खालच्यापेक्षा सुमारे तिप्पट प्रभावी ठरला. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की व्याख्यान आणि व्हिडिओ एकाच पायरीवर आहेत. वर्गात बसून ऐकलं म्हणजे ऑनलाइनपेक्षा भारी शिकलो, असं नाही. उलट, दर दहा मिनिटांनी प्रश्न विचारणारा चांगला ऑनलाइन धडा मधल्या गटात बसू शकतो.

मात्र २०१२ मधल्या दुसऱ्या आढाव्यात २२ प्रयोग तपासले गेले, तेव्हा प्रशिक्षणाने कामगारांचं वागणं सुधारतं याचा भक्कम पुरावा मिळाला. दुखापती आणि आजार घटतात याचा पुरेसा मिळाला नाही. मशिनला गार्डच नसेल तर प्रशिक्षण तरी काय करणार!

हातानेच का शिकावं लागतं, ते टाकीच्या तोंडाशी कळतं. बंदिस्त टाकीत माणूस उतरवण्याआधी गॅस डिटेक्टर आत सोडतात. ऑक्सिजन २०.९ टक्के असायला हवा, १९.५ च्या खाली गेला की उतरायचं नाही. ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान पातळीच्या १० टक्क्यांहून कमी हवा. हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म साधारण १० पीपीएमला वाजतो. हे आकडे मोबाइलवर एका संध्याकाळी पाठ होतात. पण हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. म्हणून वर, मध्ये, खाली तिन्ही ठिकाणी मोजायचं असतं. लांब नळीतून तळची हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. घाईने आकडा वाचला तर वाचली जाते ती वरची चांगली हवा, आणि परमिटवर सही होते. वासावर विसंबावं तर १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं की अशा जागांतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला उतरलेले होते. आत साथीदार पडलेला दिसत असताना स्वतःला थांबवणं हे बहुपर्यायी प्रश्नातून अंगात येत नाही.

आखातात जाऊ पाहणारी कोकणातली मुलं ज्या 'नेबॉश' या सुरक्षाविषयक प्रमाणपत्रासाठी पैसे जमवतात, त्याची लेखी परीक्षा २०२० मध्ये घरून, पुस्तक उघडं ठेवून, २४ तासांच्या मुदतीत देण्याची झाली. पण त्यासोबत प्रत्यक्ष कामाच्या जागेतले किमान १० धोके शोधून त्यांचं मूल्यमापनही सादर करावं लागतं. ही जोड योग्य आहे. आपल्या पदविकांमध्येही ती सक्तीची असावी, आणि प्रमाणपत्रावर दोन रकाने वेगवेगळे छापावेत : स्क्रीनवरचे तास किती, आणि हातात मीटर, हार्नेस, श्वसनसंच घेऊन केलेले तास किती. नेमणूक करणाऱ्या कारखान्याने आधी दुसरा रकाना वाचावा.