खळ्याला चुना, शेताला नको

आमच्या गटाचं खळं काळ्या मातीचं. पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात तडकायचं आणि तुरीचे दाणे भेगांत जायचे. गेल्या वर्षी आम्ही मातीत चुना मिसळून ते चोपलं. एक पावसाळा, एक उन्हाळा गेला. भेगा जवळजवळ थांबल्या. ते बघून मागच्या बैठकीत दोघींनी कर्ज मागितलं. ट्रॅक्टरनं शेत दडपलंय, तिथंही चुना टाकू म्हणाल्या. आम्ही कर्ज थांबवलं. दोघी रुसल्या. म्हणून आज कारण सांगतो.

काळ्या मातीचे कण फार बारीक आणि चपटे, पापडाच्या चळतीसारखे. थरांत पाणी शिरलं की चळत फुगते, वाळली की आकसते. चुन्यातलं कॅल्शियम या कणांना एकत्र आणून त्यांच्या गुठळ्या करतं. पिठाचा जणू रवा होतो. मग माती पाणी धरून फुगत नाही. पुढच्या काही आठवड्यांत चुना मातीशी बांधला जातो आणि ती टणक होते.

एक गोष्ट मात्र आम्हाला चुकल्यावर कळली. चुना घातलेली माती चोपताना साध्या मातीपेक्षा जास्त पाणी मागते. आम्ही नेहमीच्या अंदाजानं शिंपडलं, तर एक कोपरा भुसभुशीत राहिला. तो उकरून पुन्हा केला. ढेकळं बारीक फोडून शंभर किलो कोरड्या मातीला चार-पाच किलो विरवलेला चुना घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये, इतकं पाणी. चोपल्यावर आठवडाभर ओली गोणपाटं घाला. कळीचा चुना हातानं मिसळू नका, पाणी लागताच तो तापतो. डोळ्यात चुना गेला तर लगेच पाण्यानं धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

आता शेत. आपल्या काळ्या रानात चुनखडी आधीच असते, सामूही बहुधा चढाच. वर चुना टाकला तर लोह, जस्त पिकाला मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात. शिवाय खळं टणक व्हावं लागतं, शेत भुसभुशीत. दडपलेल्या रानाला शेणखत द्या आणि वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर बांधावरच ठेवा. जमीन चोपण निघाली तर जिप्सम लागतं, चुना नव्हे. कोकणातल्या जांभ्या मातीची गोष्ट वेगळी. ती आम्ल असते, तिथं तपासणी करून चुना देतात.

त्या दोघींनी आता मातीचे नमुने तपासणीला दिलेत. अहवाल आला की कर्जाचा अर्ज पुन्हा बैठकीत घेऊ.