कर्जरोख्यांवर न्यायालयाचे शिक्कामोर्तब

पाणीपुरवठा, मलनिःसारण, शाळा, पूल यांसारखी कामे एका वर्षाच्या कराच्या उत्पन्नातून क्वचितच पार पडतात. त्यांसाठी कर्जरोखे विकून दीर्घ मुदतीचे कर्ज उभारावे लागते. रोखा घेणारा वीस-तीस वर्षांच्या भरवशावर आपली पुंजी गुंतवितो. परंतु ते कर्ज काढण्याचा संबंधित संस्थेला अधिकारच नव्हता, असे पुढे ठरले तर? अमेरिकेतील अनेक राज्यांनी यावर उपाय योजिला आहे. रोखे विक्रीस काढण्यापूर्वीच त्यांच्या वैधतेवर न्यायालयाचा निर्णय घेण्याची सोय तेथील कायद्यांत आहे.

अनुभवाचे बोल

असा निर्णय आधीच घेतला नाही तर काय ओढवते, हे वॉशिंग्टन राज्यात दिसून आले. तेथील एका सार्वजनिक वीजसंस्थेने दोन अणुवीज प्रकल्पांसाठी सुमारे २२५ कोटी डॉलरचे रोखे विकले होते. प्रकल्प पुरे होवोत वा न होवोत, परतफेडीचा भार उचलण्याचे करार ८८ वीजपुरवठा संस्थांनी केले होते. १९८२ मध्ये बांधकाम सोडून देण्यात आले. असे करार करण्याचा अधिकार राज्यातील सहभागी नगरसंस्था व वीज मंडळांना नव्हता, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. त्याच वर्षी परतफेड थकली आणि असंख्य गुंतवणूकदारांची पुंजी अडकली. अधिकाराचा प्रश्न निकालात निघाला खरा, पण तो रोखे विकून झाल्यावर!

कार्यपद्धती

फ्लोरिडा राज्यात कर्ज काढणारी संस्था स्वतःच न्यायालयात अर्ज करते. राज्य, करदाते, मालमत्ताधारक व नागरिक हे प्रतिवादी असतात. सुनावणीची सूचना वृत्तपत्रातून प्रसिद्ध होते. सरकारी वकील अर्ज तपासतो व त्यात दोष आढळल्यास विरोध करतो. न्यायालय मुख्यतः तीन गोष्टी पाहते: संस्थेला अधिकार आहे काय, हेतू कायदेशीर आहे काय आणि विहित पद्धत पाळली आहे काय. योजना शहाणपणाची आहे की नाही, हा प्रश्न लोकप्रतिनिधींवर सोपविलेला असतो. अपील थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाते.

कॅलिफोर्नियातील दाव्यात ‘सर्व हितसंबंधी व्यक्ती’ प्रतिवादी असतात. दावा ६० दिवसांत दाखल करावयाचा असतो. संस्थेने तो केला नाही, तर त्याच मुदतीत नागरिकालाही करता येतो. अंतिम निर्णय सर्वांवर बंधनकारक ठरतो.

केवळ उपचार नव्हे

न्यायालय डोळे झाकून संमती देते, असे मात्र नाही. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीतील आपला वाटा भरण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याने रोखे काढावयाचे ठरविले होते. तीन लाख डॉलरपेक्षा अधिक कर्जाला मतदारांची संमती हवी, हे त्या राज्याच्या संविधानाचे बंधन आहे. ती संमती घेतलेली नसल्यामुळे २००७ मध्ये अपील न्यायालयाने या रोख्यांना मान्यता नाकारली. रोखे विकले गेले नव्हते. त्यामुळे कोणाचीही पुंजी बुडाली नाही.

या व्यवस्थेने गुंतवणूकदाराला निश्चिंती लाभते. मात्र तिची किंमत नागरिकांच्या जागरूकतेने मोजावी लागते. वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील सूचना नजरेतून निसटली व मुदत टळली, की आक्षेपाचा मार्ग बहुधा कायमचा बंद होतो. कर्ज फेडले जाते ते करदात्यांच्याच पैशातून. म्हणून अशी सूचना वाचणे हे त्यांच्याच हिताचे आहे.