पिठाचा कोंबडा आणि दिवाळीची बिस्किटे

स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, कर आणि बाजार समितीचे नियम यांवर जाणकार सभासद लिहीत असतात. यंदा मात्र घरातील एका लहानशा व्यवहाराविषयी चार शब्द लिहिण्याची मुभा मी घेतो. दिवाळीत नातवंडांना हाताशी धरून घरीच निरनिराळ्या आकारांची गोड बिस्किटे भाजणे, हा तो व्यवहार होय. वरवर पाहता हा बालकौतुकाचा विषय. परंतु त्यात आपला धंदा आहे, आपला आचार आहे, आणि मुलांच्या एका अवघड प्रश्नाचे उत्तरही त्यात द्यावे लागते.

आपल्या सीमाभागाला ही गोष्ट परकी नाही. शंकरपाळी कापली जात असताना मूल पोळपाटाशी आले नाही, असे घर विरळा. शेजारच्या गोव्यात ख्रिस्ती कुटुंबे नाताळापूर्वी एकत्र बसून पिठाच्या गोळ्या फणीवर दाबून कुलकुल वळतात. नानखटाई तर आपणा सर्वांच्या ओळखीची. घरचे तूप, साखर व पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीवर जावयाचे आणि पत्र्याचा डबा भरून परतावयाचे, ही पूर्वीची रीत. त्याच पत्र्यांवर अंड्याचे पदार्थही भाजले जात, म्हणून कित्येक जैन घरांत पातेल्यात वाळू तापवून व झाकणावर निखारे ठेवून नानखटाई घरीच होई. आता विजेची भट्टी घरोघरी आल्याने ती यातायात उरलेली नाही.

प्रथम पिठाविषयी. ज्या घरांत पिठाची मर्यादा पाळली जाते, तेथे हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ व पावसाळ्यात ३ दिवसांपलीकडचे पीठ वापरीत नाहीत. दिवाळी कार्तिक पौर्णिमेपूर्वी येते, म्हणजे हिशेब ३ दिवसांचाच. गिरणीतून पिशवीबंद येणारा मैदा या हिशेबात बसत नाही. तेव्हा गहू घरी निवडून, दळून आणावा आणि बारीक चाळणीने चाळावा. गव्हाच्या पिठाला पाणी लागले की त्यात चिकटपणा येतो. पोळीला तो हवा, बिस्किटाला नको. तूप आधी पिठाला चोळले म्हणजे पाणी कणांपर्यंत सहजी पोहोचत नाही व बिस्कीट खुसखुशीत होते. आपल्या बेळगाव-सांगलीकडच्या खपली गव्हात हा चिकटपणा मुळातच कमी. शरबतीचा दाणा पोळीला उत्तम; येथे मात्र खपली थोडी मिसळलेली बरी.

प्रमाण असे : कणीक ५०० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, साजूक तूप २०० ग्रॅम, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ आणि गोळा होण्यापुरते चार-पाच चमचे दूध. सोडा घालू नये; त्याने बिस्कीट पसरते व आकार बिघडतो. अंड्याची तर मुळीच गरज नाही. गोळा थोडा वेळ गार जागी ठेवून अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी, आकार कापावेत आणि १६० अंशांवर १५ ते २० मिनिटे भाजावेत. कडा बदामी झाल्या की काढावेत. गरम असताना ते मऊ लागतात, निवल्यावर कडक होतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पहिला घाणा हात लावून लावूनच मोडतो.

कामाची वाटणी वयाप्रमाणे असावी. तीन-चार वर्षांच्या मुलाने गहू निवडावा व चाळणी हलवावी. पाच-सहा वर्षांच्याने आकार कापावेत. आठ वर्षांच्याने वजन करावे. भट्टी मात्र वडीलधाऱ्यांकडेच. वजनासाठी दुकानातील जुना तराजू घरी न्यावा. आपल्या आयांची सारी प्रमाणे शेर, पावशेर व नवटाकाची. १९५६ च्या कायद्यानंतर ग्रॅम-किलोचे माप आले. दोन्ही वजने मुलाच्या हातात एकदा द्यावीत. धान्याच्या पेढीवर वाढलेल्या घरातील मुलाला रवा कोणता, कणीक कोणती हे बोटांनी ओळखता येऊ नये, ही गोष्ट मला पेढीच्या नुकसानीपेक्षा अधिक लागते.

आता आकाराचा प्रश्न. बाजारात मिळणाऱ्या साच्यांत कोंबडा, मासा, ससा व अस्वल यांचीच गर्दी असते. आमच्या घरी असा संच आला, तेव्हा वडील मंडळींनी हरकत घेतली. नातीने विचारले, "आजोबा, हे तर पीठच आहे ना? मग पाप कसले?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आपल्या वाङ्मयात हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे. सोमदेवसूरींनी शके ८८१, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलका’त व जन्न कवीच्या १२०९ मधील कन्नड ‘यशोधरचरिते’त ती कथा येते. उज्जयिनीचा राजा यशोधर पशुबळी देण्यास नकार देतो. परंतु आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापतो. रक्ताचा थेंबही सांडला नाही, तरीही त्या संकल्पापायी माता व पुत्र पशुपक्ष्यांच्या योनींतून जन्मोजन्म भटकतात.

मी मुलांना एवढेच सांगितले की, राजाने पीठ कापले, पण कोंबडा कापावयाचा म्हणून कापले. कोणी म्हणेल, बिस्कीट खाणाऱ्या मुलाच्या मनात बळी कोठे असतो? ते खरे आहे, आणि त्या मुलाला मी दोषी म्हणणार नाही. तथापि "मी सशाचे डोके खातो, तू पाय खा" हे बोल मी ऐकलेले आहेत. जिभेला जी सवय हसत-खेळत लागते, ती नंतर उपदेशाने सुटत नाही. साचे आम्ही फेकले नाहीत. ते मातीकामाच्या डब्यात गेले. मातीचा ससा करून मांडून ठेवण्यात आनंदच आहे.

बिस्किटांसाठी पणती, कलश, पिंपळपान, आंबा, चांदणी व स्वस्तिक हे आकार पुष्कळ झाले. पुठ्ठ्याचा नमुना कापून पोळीवर ठेवावा व त्याच्या कडेने सुरी फिरवावी. साचा विकत घेण्याचेही कारण नाही. कडा वाकड्या आल्या तरी चालेल.

सभासद बंधूंना विनंती एवढीच की, दिवाळीआधी एक दुपार पेढी मुनिमांवर सोपवून लवकर घरी जावे. सूर्यास्तापूर्वी भाजून व खाऊन व्हावयाचे, म्हणून दोन वाजता तराजू मांडलेला बरा.